हरभरा मळणारी गाडी

मला वाचवलं ते सेनगाव रस्त्यावरच्या हरभरावाल्या मावशीनं. हे आधीच सांगतो, नाहीतर गाड्यांच्या बोलण्यात राहून जाईल.

मी समुद्राकडचा. आठवीत शाळा सुटली, गाडी चालवायला शिकलो आणि नोकरी लागली ती थेट हिंगोली जिल्ह्यात. मालकांकडे दोन गाड्या. एक जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली. तिचं एक दार दोरीनं बांधलेलं. दुसरी नवी, लांबुडकी, जमिनीला टेकल्यासारखी. नवीची किल्ली देताना मालक म्हणाले होते, "हिला काही झालं तर त्याच दिवशी गावाची एसटी धरायची." घरी आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं, पोरगा कामाला लागला म्हणून.

इकडे हरभरा काढला की काहीजण डांबरी रस्त्यावरच पसरतात. गाड्या वरून जातात, घाटे फुटतात, दाणा सुटतो. पहिल्यांदा मी, अन्न चाकाखाली कसं घ्यायचं म्हणून जुनी गाडी थांबवून बसलो होतो. मावशी झाडाखालून म्हणाली, "काहून थांबला रे? घाल वरतून." तेव्हापासून रोज घालत होतो. कधी मागं येऊन परत एकदा.

त्या दिवशी नवी गाडी होती आणि मागं मालक झोपलेले. सवयीनं मी तशीच घातली. मधोमध गेल्यावर गाडीच्या पोटाखाली काड अडकलं, धूर यायला लागला आणि फुटाण्यांचा वास सुटला. मालक डोळे न उघडताच म्हणाले, "मला पण दे थोडे."

मावशी पाण्याची घागर घेऊन पळत आली, खाली ओतली, मग रस्त्यावर आडवी पडून विळ्यानं सगळं काड ओढून काढलं. मी नुसता उभा.

मालक उतरले, वाकून बघितलं, माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडून एसटी निघायच्या आत मावशी म्हणाली, "त्या लेकराला बोलू नका, भाऊ. तो न्हाई म्हनत होता. मीच पुढं उभी राहून म्हनलं, घाल." मी असलं काही म्हणालोच नव्हतो. वर ती म्हणाली, "पन ही गाडी काही कामाची न्हाई. जुनी दाने काढते. ही भाजून राहिली."

मालक मला विसरले.

"मावशी, हिला एसी हाय."

"हरभऱ्याला काय करायचा एसी?"

"मागचं सगळं पडद्यावर दिसतं."

"मागं मी बसलीच हाय की. मी सांगते."

मालक मला म्हणाले, "चल रे, एक चक्कर मार. दाखव हिला."

मावशीनं काड पातळ करून दिलं. मी जीव मुठीत धरून चक्कर मारली. तिनं खालचे घाटे वेचून मालकांच्या हातावर ठेवले. निम्मे तसेच, बंद. मालकांनी एक दातानं फोडून पाहिला. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "उद्या जुनी घेऊन ये. इज्जतीचा सवाल हाय."

मी अजून इथं आहे तो तिच्यामुळं. पुढंमागं स्वतःची गाडी घेतलीच तर जुनीच घेईन, उंच. आणि आईला दाखवायला नेण्याआधी ती मावशीच्या हरभऱ्यावरून फिरवीन, ती बास म्हणेपर्यंत.