विमलबाईंच्या हातचं

टीव्हीवर हिंमतभाऊ भाजी ढवळायचे ती नेहमी उलट्या झाऱ्याने. मग तो झारा कॅमेऱ्यापुढे धरून, रडवेलं तोंड करून म्हणायचे, "मन्ही बायकोनी शिकाडं, म्हनीसन बिघडनं." बिघडलं त्याचा दोष बायकोचा, एवढाच विनोद. त्यावर सुरतेच्या उधन्यात घरोघरी लोक पोट धरून हसायचे.

हिंमतभाऊ आमचे शेजारी. ते आचारी कधीच नव्हते. आम्हा खानदेशी लोकांच्या लग्नांत ते वाढपी असत आणि वाढता वाढता पंगत हसवत. ते एका केबल चॅनेलवाल्याच्या नजरेत भरलं आणि त्याने त्यांना स्वयंपाकाच्या कार्यक्रमात उभं केलं. रांधायच्या मात्र त्यांच्या बायको, विमलबाई. शेवभाजी, भरीत, सगळं सकाळीच करून त्या डबे भरून द्यायच्या. हे गृहस्थ स्टुडिओत जाऊन तेच कढईत ओतायचे आणि वर त्यांनाच नावं ठेवायचे.

विमलबाईंसारखे मांडे आमच्या गल्लीत कुणालाच जमत नसत. पुरणाची पोळी हातांवर झेलत सुपाएवढी मोठी करायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. लग्नघरी त्यांना मानाने बोलावणं यायचं. कार्यक्रम गाजू लागला तसं त्या चुलीपाशी बसल्या की बाया तोंडाला पदर लावू लागल्या. "बिघडनं का वं?" असं विचारू लागल्या. विमलबाईंनी लग्नांना जाणंच सोडलं.

एकदा माझ्यादेखत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही काहीबी करा, मन्हं नाव तेवढं नका ल्या."

हिंमतभाऊ पंख्याखाली आडवे झाले होते. "लोक हसतस म्हनीसन घर चालस," म्हणाले आणि कूस बदलली. माझं डोकं फिरलं. घर विमलबाईंच्या डब्यांवर चालतंय, असं मी तोंडावर सुनावलं. त्यावर ते खूश होऊन म्हणाले, हे पुढच्या कार्यक्रमात घेतो. आणि घेतलंही.

गेल्या हिवाळ्यात विमलबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. डबे बंद झाले तसा कार्यक्रमही आटोपला.

मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, मांड्यांचा नैवेद्य दाखवतात. मी करून देते म्हटलं, तर तिच्या नावाचा आहे, मीच करणार, म्हणून हिंमतभाऊ हटून बसले. नातेवाईक, शेजारी जमले होते. पहिला मांडा हातातच फाटला. दुसरा खापरावरून घसरून चुलीत गेला. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. एकाने मोबाईलही काढला.

हिंमतभाऊ पिठाचे हात तसेच धरून उभे राहिले. "हासू नका," ते म्हणाले. "माले खरंच येत नही."

त्यावर तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांची कीवही आली नाही.