कोंबड्या डाल्याखाली होत्या त्या रविवारी

मागच्या महिन्यातला रविवार, सकाळचे आठ. घाटंजीजवळच्या आमच्या गावात, घरच्या अंगणात मी टेप लावून दहा फूट मोजले, स्टूल ठेवलं, ताट ठेवलं... आणि त्या दिवशी माझी चार वर्षांची वही खोटी निघाली.

याच पेजवर त्या वहीचे फोटो मी टाकले होते. तुम्ही शाबासकी दिली होती, मी ती घेतली होती. मग हेही सांगितलंच पाहिजे.

नव्या मंडळींसाठी... आचल माझी मुलगी, बारा वर्षांची, सातवीत. तिला एमपीएस नावाचा जन्मजात आजार आहे, फार थोड्यांना होणारा. शरीरातली एका जातीची साखर मोडणारं एन्झाइम तिच्यात बनत नाही, म्हणून न मोडलेला गाळ हाडांत, सांध्यांत, कानांत साचत जातो. आई-बाप दोघांकडून येतो, आणि आम्हा दोघांना मात्र काहीच त्रास नाही. तिची उंची खुंटली, पण गणितात ती माझे कान धरते.

डॉक्टरांनी आजार कळला तेव्हाच सांगितलं होतं, ऐकणं हळूहळू कमी होऊ शकतं, लक्ष ठेवा. मी मोटर वाइंडिंगवाला. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळालेल्या मोटरी उघडून तारेचा एकेक वेढा मोजत शिकलो. मला लक्ष ठेवा म्हटलं की मी मोजणार...

तर दर रविवारी आचल पाठमोरी स्टुलावर. दहा फुटांवर स्टीलचं ताट, नेहमी तेच. एक वीत उंचीवरून मी एकेक दाणा टाकायचो... आधी हरभरा, मग तूर, मूग, शेवटी ज्वारी. ऐकू आलं की तिने हात वर करायचा. वहीत बरोबरची खूण, नाहीतर फुली. झालं की दाणे कोंबड्यांना.

पहिल्याच महिन्यात ज्वारीला एक फुली आली होती. त्यानंतर चार वर्षांत एकही नाही. हा माझ्या काळजीचा गुण, असं मी चारचौघांत सांगायचो. मधली दोन वर्षं तर मी तिला कानाच्या तपासणीला नेलंच नाही... वही होती ना.

शाळेतल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला, मी फळ्याकडे वळून बोलले की पोरगी काही समजत नाही म्हणते. तेव्हा कुठे यवतमाळला नेलं. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी ग्राफ पुढे ठेवला. दोन्ही कानांना मशीन लागेल, आणि आणखी उशीर केला तर अभ्यास मागे पडेल. मी वही काढली. मॅडमनी चार पानं नीट पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, वही छान आहे. पण हिला कधी विचारलं का?"

मी म्हटलं, तुमची मशीन एकदा चेक करून घ्या. आणि उठलो. एसटीत आचल खिडकीकडे तोंड करून बसली ती घाटंजी येईपर्यंत.

रविवारी मला फक्त मॅडमना खोटं पाडायचं होतं. त्यात आदल्या दिवशी मुंगसाने एक पिल्लू नेलं म्हणून वर्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळ्या कोंबड्या डाल्याखाली झाकल्या होत्या. अंगण शांत... मी म्हटलं, बरंच झालं.

हरभरा टाकला. हात वर नाही. दोन वीत उंचीवरून टाकला. नाही. "आचल, लक्ष दे," मी मागून म्हटलं. तिला तेही ऐकू आलं नाही.

मी समोर गेलो. "काहून, हात काहून वर नाही केला?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "बाबा, कोंबड्या कुठी हायेत आज?"

मला कळायला वेळ लागला. दाणा वाजला की आता खायला मिळणार, म्हणून कोंबड्या मान वर करायच्या. हे मीच त्यांना चार वर्षं शिकवलं होतं. आणि आचल त्यांच्याकडेच तोंड करून बसायची... त्यांची मान वर, हिचा हात वर.

"ते पहिली फुली आलती न," ती म्हणाली, "तवा तुम्ही दिवसभर जेवले नव्हते. मंग मले वाटलं, आता फुली नाही आली पाहिजे."

दारातून वर्षा म्हणाली, "अजी, जळकी मोटर आली तर तुम्ही उपाशी राह्यता का? उघडून पाह्यता न, काय झालं ते. मंग पोरीच्याच टायमाले काय होते तुम्हाले?"

सोमवारी पहिल्या एसटीने मी आणि आचल यवतमाळला. मॅडमना सगळं सांगितलं, माफी मागितली. कोंबड्यांचं ऐकून त्या खूप हसल्या, आचलही हसली. मग कानांचे साचे घेतले. डाव्या कानात पडद्यामागे पाणी होतं, ते कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं. तीन आठवड्यांनी मशीन आल्या. घामाने खराब होऊ नयेत म्हणून संध्याकाळी सुकवणीच्या डबीत ठेवतो... हे काम माझं, चुकणार नाही.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना एवढंच सांगतो, घरच्या ताटावर आणि आपल्या हुशारीवर राहू नका. कानाची तपासणी वेळच्या वेळी करा. आजार थांबवणं आपल्या हातात नसेल, पण उशीर आपला असतो. तो मी केला, पुन्हा होणार नाही.

रविवारचा खेळ आम्ही बंद केला नाही. आता खोलीत, दार लावून, मशीन कानात घालून. वही आचल स्वतः लिहिते आणि तिने त्यात एक रकाना वाढवला आहे. परवाचं पान जसंच्या तसं...

हरभरा – हो. तूर – हो. मूग – हो. ज्वारी – नाही.
बाबा जेवले – हो.