आरशातलं धरत न्हाईत

वलवण धरणाच्या वाटेवर आमच्या न्हाव्याचं सलून आहे. क्रिकेट आणि दिल्लीचं राजकारण यांच्याशिवाय तिथे कात्री चालत नाही. त्याची एक पक्की समजूत आहे: तो ज्याच्याकडे टक लावून बघतो, तो हरतो. म्हणून आपली बॅटिंग असली की तो टीव्हीकडे पाठ करून दाढ्या करतो. समोरच्या आरशात सगळं दिसतंच, पण "आरशातलं धरत न्हाईत" असं त्याचं म्हणणं. समोरच्यांची बॅटिंग आली की गिऱ्हाईक फेसासकट ताटकळतं आणि हा कमरेवर हात ठेवून टीव्हीपुढे उभा!

लोकसभेच्या मतमोजणीलाही हाच नियम. त्याचा पक्ष एक, माझा नेमका विरुद्ध. गेल्या मोजणीला मी खुर्चीत होतो, एका गालावर साबण. माझ्या पक्षाचा उमेदवार टीव्हीवर दिसला की हा डोळे वटारून बघायचा. एकेक जागा पडत गेली.

"बगितलं का भाऊ? लय पावर हाय नजरंत!"

मी हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

शेवटी एकच जागा अटीतटीची उरली. माझा माणूस जेमतेम पुढे होता. मी आरशातून याच्याकडे बघितलं. त्याने वस्तरा खाली ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन धरणाकडे तोंड करून उभा राहिला.

"अहो, माझी दाढी!" मी ओरडलो.

"थांबा भाऊ," तो मागे न बघता म्हणाला, "तेवढी एक येऊ द्या तुमची. न्हाईतर उद्यापासनं मी भांडायचं कुनाशी?"