राष्ट्रगीत चालू असताना

पहिली चपराक बसली तेव्हा झेंड्याची दोरी माझ्या हातात होती.

"सोड दोरी," आप्पा म्हणाले. "म्हारणीच्या हातनं झेंडा वर जायचा न्हाई या गावात."

पंधरा ऑगस्ट. पाबळच्या अलीकडचं आमचं गाव, ग्रामपंचायतीपुढचं पटांगण, शाळेची पोरं रांगेत. मी सरपंच. राखीव जागेवर निवडून आलेली, पण निवडून आलेली. आप्पा उपसरपंच. झेंडा सरपंचानं फडकवायचा असतो. पण त्यांच्या आज्यानं फडकवला, बापानं फडकवला, म्हणून तो मान त्यांच्याच घरचा. सकाळीच त्यांनी मला बजावलं होतं, "तू निस्ता हात लाव. फोटोपुरता. वढीन मी."

मी हात लावला आणि ओढायलाच लागले. एवढाच माझा गुन्हा.

दुसरी चपराक कानावर बसली. आप्पांच्या पुतण्यानं मागून अंबाडा धरला आणि मला कट्ट्यावर आपटलं. ओठ फाटला. कमरेत लाथ बसली. मी दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. ग्रामसेवक स्वतःच्या बुटांकडे बघत होते. गर्दीतून माझी सासू रडत ओरडली, "सोड गं बाय, मारून टाकत्याल तुला!" मला तिचाही राग आला. सगळ्यांचाच आला.

शाळेच्या बाई नवीन होत्या. घाबरल्या. पोरांनी हे बघू नये म्हणून झेंडा वर जायच्या आधीच त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. पोरांनी सूर धरला.

आणि सगळं गाव सावधान झालं. आप्पासुद्धा. मला मारलेला हात त्यांनी मांडीला चिकटवला. पुतण्यानं केस सोडले आणि ताठ उभा राहिला. सवयच तशी. मला सोडवायला एक पाऊल न उचललेली माणसं देशासाठी ताठ उभी होती. माझं डोकं फिरलं.

मी नाही सावधान झाले. उठले, तोंडातलं रक्त थुंकले आणि ओढत सुटले. झेंडा वर गेला. हिसडा दिला, उघडला. आतली फुलं आप्पांच्या टोपीवर पडली.

राष्ट्रगीत संपलं तसे ते पुन्हा अंगावर आले. या वेळी मीही हात उचलला. पुतण्याच्या दंडाला कडाडून चावले. बायांनी ओढून बाजूला केलं तेव्हा कुठे सोडलं.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "ताई, आजचा दिवस कसला हाय? मिटवून घ्या. गावाची बदनामी व्हईल."

"लिहा," मी म्हणाले. "मारलं कुणी, जात काढली कुणी, समदं लिहा. लिहिल्याबिगर मी उठायची न्हाई."

त्यांनी लिहिलं. संध्याकाळी आप्पांचा निरोप आला, अविश्वास ठराव आणतो, खुर्चीवरून खाली ओढतो. आणा म्हणावं. पुढच्या वेळी राखीव नाही, खुल्या जागेवर उभी राहीन. आप्पांच्याच वॉर्डात.

इंग्रज गेले असं शाळेत शिकवतात. गेले असतील. आमच्या गावातून आप्पांना अजून घालवायचं आहे. ते मी करणार.