बैठकीच्या खोलीतला विषारी मासा

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं मी रत्नागिरीत राजिवड्याच्या वरच्या अंगाला भाड्याने राहत होतो. नोकरी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात. घरमालक जहाजावरून निवृत्त झालेले सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांना मी चाचा म्हणे, त्यांच्या बायकोला चाची. खालच्या मजल्यावर ते दोघेच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली होती.

इतरांच्या बैठकीच्या खोलीत जिथे टीव्ही असे, तिथे चाचांकडे काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यात एकच मासा. तांबूस अंगावर पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पिसांसारखे पसरलेले पर आणि पाठीवर उभ्या काट्यांची रांग. विष त्या काट्यांत होते. खडकाजवळ टाकलेल्या जाळ्यात तो सापडला होता. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर खलाशी तो फळीने पाण्यात ढकलणार, तेवढ्यात चाचांनी त्यांची बादली मागून घेतली.

हा मासा त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता, एडनच्या बंदरात. जहाज नांगरून पडले होते आणि तो नांगराच्या साखळीभोवती सावकाश फिरत होता. "बाकीचे मासे माणूस दिसला की पळतात. हा पळत नाही. कशाला पळेल?" चाचा म्हणत. "अख्खी नोकरी दर्यात काढली, पण मासे सगळे वरून बघितले. बाजूने बघायला आत्ता मिळतायत."

हे त्यांचे कारण. गावाला ते पटणे अवघड होते. रत्नागिरीत मासा पाहिला की माणसाला ताट आठवते. पोस्टमन, वीजमीटर बघायला येणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले लोक, सगळे टाकीपुढे थांबत आणि विचारत, "खायला कसा लागतो?" दाभोळहून आलेल्या चाचांच्या वहिनी तर चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"याचं तिखलं चांगलं होईल," त्या म्हणाल्या.

"होईल की," चाची म्हणाल्या. "तुम्ही साफ करून द्या, मी फोडणी घालते."

"विष आहे त्यात, भाभी!" चाचा ओरडले.

"मग पाळलाय कशाला?" चाची म्हणाल्या. "खायचा नाही, हात लावायचा नाही. तुम्ही निवृत्त झालात ते चांगलं नाही झालं."

मासा सांभाळणे हे पूर्ण वेळेचे काम होते. भाट्याहून कॅनमधून समुद्राचे पाणी आणायचे, जिवंत कोळंबी मिळवायची, वीज गेली की सायकलच्या पंपाने टाकीत हवा मारायची. पंप मारायला मीही अनेकदा बसलो आहे. काच आतून घासताना चाचा एका हाताने जुन्या छत्रीच्या काडीने मासा कोपऱ्यात थोपवून धरत आणि दुसऱ्या हाताने घासत. चाची तेव्हा स्वयंपाकघरात निघून जात. बघवत नाही, म्हणत. मात्र कोळंबी निवडताना सगळ्यात लहान, तजेलदार तेवढी त्या बाजूला काढून ठेवत, हे मी पाहिले आहे.

मस्कतचा फोन शुक्रवारी येई. फोन टाकीशेजारीच होता आणि पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येई. मार्चमधल्या एका शुक्रवारी मुलगी म्हणाली की ती मे महिन्यात येते आहे. ती लग्नानंतर प्रथमच येणार होती आणि बरोबर दीड वर्षाचा मुलगा. नातवाला आजीआजोबांनी फक्त फोटोत पाहिले होते. चाची रडल्या. चाचा टाकीकडे बघून हसत होते.

"पण अब्बा," मुलगी म्हणाली, "तो मासा घरात असेल तर मी सासरी उतरेन, संगमेश्वरला. तुम्ही तिकडे या आणि नातवाला बघून जा."

नातवाला बघायला व्याह्यांच्या दारात जायचे, हे चाचांना चालण्यासारखे नव्हते. मासा देणेही चालण्यासारखे नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढायचे ठरवले. सुताराकडून टाकीला कडीकोयंड्याचे झाकण करून घेतले. टेबल काढून खाली चिऱ्यांचा उंच चौथरा बांधला. पुढच्या फोनवर त्यांनी या सगळ्याचे सविस्तर वर्णन केले.

"पोराचा हात पोचायला पोर माझ्याएवढं व्हायला हवं," ते म्हणाले.

"कडी कोण लावणार?"

"मी!"

"अम्मीला विचारा, बाथरूमचा नळ घरात कोण उघडा ठेवतं."

चाचांनी अम्मीला विचारले नाही.

एप्रिलमध्ये, असाच शुक्रवार होता. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताटात सुरमईचे कालवण आणि भात. चाचा उशिरा येऊन बसले, उजवा हात पंच्याखाली.

"चमचा दे," ते म्हणाले.

चाचींचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. त्या घरात भाताला कोणी चमचा मागत नसे.

"जहाजावर साहेबांच्या पंगतीला बसलात, तेव्हाही हाताने जेवलो म्हणून सांगत फिरता. आज चमचा कशाला?"

"असंच."

"पंचा काढा."

दोन बोटे सुजून केळ्यांसारखी झाली होती आणि सूज मनगटाकडे चालली होती. काच घासताना काडी सटकली होती.

"कधी लागलं?"

"आत्ताच."

"आत्ताच म्हणजे?"

"नमाजाला जायच्या आधी."

चाचींनी पाणी तापवले, स्वतःचा हात बुडवून पाहिला, आणि चाचांचा हात त्या टोपात धरून ठेवला. मी रिक्षा आणली. डॉक्टरांनीही सोसेल तेवढ्या गरम पाण्यातच हात ठेवायला सांगितले, इंजेक्शने दिली आणि रक्तदाब बघत संध्याकाळपर्यंत बसवून घेतले. या वयात छातीवर ताण आला असता तर प्रकरण अवघड होते, असे ते मला बाहेर म्हणाले. चाचा आत नर्सला सांगत होते की जहाजाच्या दोरात बोट सापडले होते तेव्हाही ते इतके ओरडले नव्हते.

घरी पोचलो तर फोन वाजत होता. चाचांनी मान हलवून चाचींना खुणावले, सांगू नको. चाचींनी रिसीव्हर उचलला.

"सगळे बरे आहेत," त्या म्हणाल्या. "तुझा बाप आज चमच्याने जेवणार होता."

मुलीने लगेच अब्बांना मागितले. चाचांनी डाव्या हाताने रिसीव्हर धरला आणि आता आरडाओरडा ऐकायचा म्हणून डोळे मिटले. पण मुलगी ओरडली नाही. खूप दुखतंय का, एवढेच तिने विचारले.

चाचांनी गुंडाळलेला हात वर करून पाहिला.

"पोराचा हात केवढा आहे गो?" त्यांनी विचारले.

"माझ्या दोन बोटांएवढा."

"तू इथेच उतर," चाचा म्हणाले.

गावात लोकांना बघायला खुले असलेले एक मत्स्यालय होते. तिथे मासा घ्यायला तयार होते, पण चाचा द्यायला लगेच तयार झाले नाहीत. आधी जाऊन त्यांनी पंप पाहिला, वीज गेली तर काय करता ते विचारले, पाणी कुठून आणता ते विचारले, आणि काचेवर बोटाने टकटक करून तिची जाडी पाहिली. मग एके सकाळी झाकणाची बादली रिक्षात मांडीवर घेऊन ते स्वतः गेले. चाचींनी डब्यात कोळंबी दिली होती.

मे महिन्यात मुलगी आली. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनेच, बघू तरी, म्हणून विषय काढला. आम्ही सगळे गेलो. मासा पर पसरून काचेजवळ आला आणि तिथेच तरंगत राहिला. मुलगी काचेपाशी सरकली.

"अब्बा, हा इतका सुंदर आहे हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"दर शुक्रवारी सांगितलं. तू विषारी एवढंच ऐकलंस."

कडेवरचा नातू खाली वाकून दोन्ही तळव्यांनी काच बडवू लागला. रखवालदार धावत आला.

"आजोबा, काचेवर मारू देऊ नका!"

"मारू दे रे," चाचा म्हणाले. "काच जाड आहे."