गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर आलेली देवी

हे मी बायकोलाही आजवर पूर्ण सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की मधेच हसू फुटतं, मग हसल्याची लाज वाटते आणि गोष्ट अर्ध्यावर राहते. म्हणून आता लिहूनच टाकतो.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी काल्हेरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात होतो. पाच कॉम्प्युटर, इंटरनेटची एक लाइन, आणि त्यातलं थोडंफार कळणारा मी एकटा. शेठ तिथलेच, गोडाऊन उभं होतं ती त्यांची जुनी भातशेती. एकदा बाहेर ट्रकांची रांग लागलेली असताना ते आत आले, तर हिशेबनीस क्रिकेटचा स्कोअर बघत बसलेला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. असल्या साइट बंद करणारं मशीन मिळतं, असं मी सांगितलं. किंमत ऐकून ते म्हणाले, "मशीन-बिशीन काय नको. फुकटात होत असंल तर कर."

फुकटात होत होतं. कॉम्प्युटर कुठल्याही साइटचा पत्ता बाहेर विचारण्याआधी स्वतःजवळच्या एका साध्या फाइलमध्ये डोकावतो. तिथे आपण खोटा पत्ता लिहून ठेवला की मुकाट्याने तिकडे जातो. मी चार कॉम्प्युटरांवर ती फाइल भरली. क्रिकेट, गाणी, सिनेमा, गप्पांच्या साइट, सगळं बंद. पाचवा कॉम्प्युटर माझा. तपासायला एक तरी मोकळा हवा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर गप्पांच्या साइटवर सगळ्यांत जास्त मीच पडलेला असायचो.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता एरर येत होता, त्यामुळे नेट बंद पडलं म्हणून ओरडा झाला आणि लाइनवाल्याला फुकटची फेरी पडली. मग मला एक युक्ती सुचली. सगळे खोटे पत्ते मी माझ्याच कॉम्प्युटरकडे वळवले आणि तिथे एक चित्र ठेवलं. शेठच्या केबिनमधल्या कॅलेंडरवरून स्कॅन केलेली वज्रेश्वरीची देवी. खाली एक अक्षरही लिहिलं नाही. देवीसमोर कोण तक्रार करणार?

खरंच कोणी केली नाही. देवी दिसली असं सांगायचं, तर आपण कामाच्या वेळात काय उघडत होतो तेही सांगावं लागणार. म्हणून जो तो गप्प, आणि जो तो समजला की आई फक्त आपल्यालाच दिसली. हिशेबनीस चपला काढून खुर्चीवर बसू लागला. दुपारी गाणी शोधणाऱ्या सुपरवायझरने तंबाखू सोडला. कारण विचारलं तर म्हणाला, सांगण्यासारखं न्हाय. मला हसू आवरेना. एकदा बाहेर पळालो आणि ट्रकच्या आडोशाला पोट धरून हसलो, तर ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

डिस्पॅचचं काम बघणारी मुलगी अकलोलीहून एसटीने यायची. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा मस्कतला. रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, दोघं गप्पांच्या साइटवर बोलायची. रविवारी तिच्या घरचे होकार कळवणार होते. बुधवारी चलन देता देता ती सहज म्हणाली की ती घरी नकार कळवायला सांगणार आहे. मी कारण विचारलं.

"तीन दिवस झाले, दादा. त्याच्याशी बोलायला जाते आणि आई समोर उभी राहते. कामाचं सगळं उघडतंय, त्याचंच तेवढं न्हाय. आणखी कसला कौल पायजे?"

आई आशीर्वाद द्यायलाही आली असेल, असं मी कसंबसं बोललो.

"आशीर्वाद द्यायचा तर बोलू दिलं असतं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. शेठ काय म्हणतील, ऑफिस किती हसेल, हेच डोक्यात. संध्याकाळी ती गेल्यावर तिच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमधली गप्पांच्या साइटची ओळ गुपचूप पुसली. उद्या साइट उघडेल आणि प्रकरण मिटेल, असं वाटलं. पण गुरुवारी एक वाजला तेव्हा तिने साइट उघडलीच नाही. डबा खात बसली. शुक्रवारीही तेच.

मग मात्र मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं, ती फाइल उघडून दाखवली आणि हे सगळं मीच केलंय असं सांगून टाकलं. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"म्हणजे सुपरवायझरकाकांचा तंबाखू पण तुम्हीच सोडवला?"

मी मान हलवली. तिने ओढणी तोंडावर दाबली, पण खांदे हलत होते. मलाही राहवेना. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ती एकदम थांबली.

"आणि तुमच्या कॉम्प्युटरवर आई कशी न्हाय आली?"

मी उठून तिला खुर्ची दिली. साइट उघडली. मस्कतहून पाच दिवसांचे निरोप साठले होते. शेवटच्यात त्याने विचारलं होतं की ती रागावली आहे का, आणि त्यानेच घरी नकार सांगावा असं तिला वाटतंय का. ती टाइप करत सुटली. सुट्टी संपली, बाहेर ट्रक हॉर्न वाजवू लागले. तिची चलनं मी उभ्याउभ्या बनवली आणि घाईत दोन गाड्यांच्या नंबरांची अदलाबदल केली. शेठच्या शिव्या त्या दिवशी गोड लागल्या.

रविवारी होकार गेला.

तिने कोणाला काही सांगितलं नाही, पण दोन अटी घातल्या. काकांचा तंबाखू पुरता सुटेपर्यंत देवी हलवायची नाही, आणि माझ्याही कॉम्प्युटरवर त्या साइट बंद करायच्या. सोमवारी मी माझ्या हाताने माझी फाइल भरली. दुपारी सवयीने गप्पांच्या साइटचा पत्ता टाकला आणि देवी समोर उभी राहिली. मीच स्कॅन केलेली. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोकसुद्धा वर दिसत होतं.

तरी माझे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. पलीकडच्या टेबलावर ती ओढणीत तोंड खुपसून बसली होती.