शोकाकुलच्या चौकटीत आठच नावं

विलासभाऊ परवा गेले.
आणि त्यांच्या तेरवीच्या पानावर त्यांच्या बायकोचं नाव बसत नव्हतं.

बसत नव्हतं, कारण मी तसं करून ठेवलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊ आणि मी एकाच कंपनीत. ऑफिस वाडीला, गोडाउनच्या वर. काम म्हणजे वेबसाइटचा एडिटर बनवायचा. कोडिंग न येणाऱ्या माणसालाही मोबाइलवर आपलं पान आपण करता यावं. दुकानाचं, लग्नाचं, बारशाचं, तेरवीचं.
कुठे काय हलवता येईल, किती लिहिता येईल, हे आम्ही ठरवायचो.

भाऊ त्याआधी महाल भागात एका छापखान्यात डीटीपी करायचे. आयुष्य लग्नाच्या, तेरवीच्या पत्रिका मांडण्यात गेलं. गिऱ्हाईक बाजूच्या स्टुलावर बसून सांगायचं, जरा डावीकडे घ्या, जरा मोठं करा, आणि भाऊ तसं करायचे.
त्यामुळे त्यांचं म्हणणं एकच असायचं. लोकांना काय पाहिजे ते लोकांना माहीत असतं, फक्त माउस त्यांच्या हातात द्या.

मी पुण्याहून डिझाइन शिकून आलेली. मला वाटायचं, हातात दिलं की लोक पान बिघडवतात. लाल पट्टीवर पिवळी अक्षरं, त्यावर गुलाब, गुलाबावर अजून एक गुलाब. बघवायचं नाही बाप्पा.

मागच्या वर्षी नवीन एडिटर केला. तेरवीच्या पानात खाली 'शोकाकुल'ची चौकट. त्यात मी आठ नावांची लिमिट टाकली.
आठ नावं दोन रांगांत छान दिसतात. एवढंच कारण होतं.

मीटिंगमध्ये भाऊ म्हणाले, "आठ? आमच्या घरी आठ तर चुलतभाऊच आहेत वं."

मी म्हटलं, मग 'समस्त परिवार' लिहायचं नं भाऊ, झालं.

"समस्त परिवार म्हणजे कोणीच नाही. लोक पहिले आपलं नाव पाहतेत, मंग मेलेल्याचं. एक नाव सुटलं तर माणूस पुढच्या लग्नात जेवाले नाही येत."

सगळे हसले. मीपण हसले. लिमिट तशीच राहिली, कारण कंपनीच्या सरांना स्क्रीन आवडली होती.
त्यानंतर भाऊ दोनदा माझ्या टेबलाशी आले, त्याच विषयावर. दुसऱ्या वेळी मी हेडफोनसुद्धा काढला नाही.

परवा सकाळी सक्करदऱ्याला घरीच, चहा घेता घेता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.
मी घरी जाऊन आले. सगळे रडून राहिले होते. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. काहून, माहीत नाही.

काल दुपारी वहिनींचा फोन आला. तेरवीचं पान भाऊंच्याच एडिटरमध्ये करायचं, हा त्यांचा हट्ट. लेक म्हणाली मी करून देते, तर नाही म्हणाल्या, स्वतः बसल्या. झालं म्हणे, एकदा पाहून घे, काही चुकलं असेल तर सांग.

फोन चालू ठेवूनच मी पान उघडलं. फोटो, वेळ, पत्ता सगळं बरोबर.
शोकाकुल. भाऊंची आई, तिघं भाऊ, दोघी बहिणी, लेक, पुतण्या. आठ.

वहिनी, तुमचं नाव?

"नववं घेऊनच नाही राहिलं नं वं ते. मंग मी माझं काढलं. दुसऱ्या कोणाचं काढू? लागते लोकायले. मी तं घरातलीच आहो."
मग म्हणाल्या, "त्यायनंच ठेवलं असन तसं, काही विचार करून."

मी नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला.
हो म्हटलं मी. लाज वाटते लिहायला.

आज सकाळी ऑफिसला जाऊन लिमिट काढून टाकली. कोणाला विचारलं नाही. कोडच्या एका ओळीत एक आकडा होता, तो खोडला. दोन मिनिटांचं काम. भाऊ हेच मागून राहिले होते.

मग वहिनींना फोन केला. सांगितलं की ते आठ भाऊंनी नाही, मी ठेवले होते. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

मला वाटलं, आता वहिनी बोलतील ते ऐकून घ्यायचं.

"म्हणजे त्यायनं नोतं ठेवलं?"
"नाही वहिनी. ते भांडले माझ्याशी त्याच्यासाठी."
"बरं झालं सांगितलं पोरी. कालपासून मले वाटून राहिलं होतं, एवढं सगळं बनवलं या माणसानं, अन् माझ्यापुरती जागा नाही ठेवली."

आणि मग त्या रडल्या. मी फोन कानाला लावून बसून राहिले.

पान आता गेलंय सगळ्यांना. शोकाकुलमध्ये एकतीस नावं आहेत. अजिबात छान दिसत नाही. वहिनींचं नाव सगळ्यात वर आहे, ते त्यांनी स्वतः टाकलं.

विलासभाऊ, तुमचं बरोबर होतं. हे तुम्ही असताना म्हणायला पाहिजे होतं.

या आता, भाऊ. नमस्कार.